गोलरक्षकाची उमेदीची वर्षे कोणाची?

1 जुलै 2022 रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये इवान फेदोतोव्ह या 25 वर्षांच्या आइस हॉकी गोलरक्षकाला ताब्यात घेण्यात आले आणि सक्तीची लष्करी सेवा टाळल्याचा ठपका त्याच्यावर ठेवण्यात आला. त्याच वर्षी फेब्रुवारीत तो बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये रशियन खेळाडूंच्या संघाकडून अंतिम सामना खेळला होता आणि रौप्यपदक घेऊन परतला होता. एप्रिलअखेर त्याच्या सीएसकेए मॉस्को या संघाने रशियातील सर्वोच्च स्पर्धेचा गागारिन करंडक जिंकला. मे महिन्यात त्याने अमेरिकेतील फिलाडेल्फिया फ्लायर्स या संघाशी एका वर्षाचा करार केला आणि जुलै उजाडताच त्याची रवानगी आधी रुग्णालयात व मग उत्तर रशियातील नौदलाच्या ठाण्यावर झाली. वर्षभर तो व्यावसायिक मैदानापासून दूर राहिला.

आपल्या नागरिकाला लष्करी सेवेसाठी बोलावण्याचा अधिकार राज्यसंस्थेला असावा की नसावा, हा स्वतंत्र आणि जुना वाद आहे आणि तो येथे सोडवण्याची गरज नाही. फिनलंड आणि स्वित्झर्लंड हे आइस हॉकीतले मातब्बर देशही आपल्या तरुणांना सैन्यात बोलावतात. माझा प्रश्न त्याहून मर्यादित आहे. एखाद्या खेळाडूने कोणत्या देशात, कोणत्या संघासाठी काम करावे हे ठरवण्यासाठी सक्तीच्या भरतीचा वापर होऊ शकतो का, आणि तसा तो झाल्याचा रास्त संशय असेल तर खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कोणाच्या बाजूने उभे राहावे? तसा वापर होता कामा नये आणि संघटनेने खेळाडूच्या बाजूने उभे राहायला हवे, असे माझे ठाम मत आहे. फेदोतोव्हचा अमेरिकी संघाशी झालेला करार वैध ठरवणारा, पण त्यालाही शिक्षा करणारा जो निर्णय आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने 2023 मध्ये दिला, तो अर्धाच न्याय्य होता असे मी मानतो. ते का, हे समजण्यासाठी फेदोतोव्हच्या आधी त्याच सीएसकेएच्या गोलपुढे उभ्या राहिलेल्या एका थोर खेळाडूच्या कारकिर्दीकडे पाहावे लागते.

व्लादिस्लाव त्रेत्याक यांचा जन्म 1952 मध्ये मॉस्कोजवळ झाला. वडील लष्करी वैमानिक आणि आई शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. 11 वर्षांच्या मुलाला सीएसकेएच्या क्रीडाशाळेत प्रवेश मिळाला, पण सगळ्यांना पुरतील इतके गणवेश तेथे नव्हते. संघाला गोलरक्षक हवा होता आणि त्या जागेसाठी पुढे येणाऱ्याला खराखुरा गणवेश मिळणार होता, म्हणून ते गोलरक्षक झाले. अनातोली तारासोव या कठोर आणि कल्पक प्रशिक्षकाने त्यांना घडवले. हाताची आणि नजरेची सवय मोडू नये म्हणून टेनिसचा चेंडू सतत जवळ बाळगायचा, जाता-येता तो झेलत राहायचे, ही तारासोव यांची आज्ञा होती. 1972 मध्ये, वयाची 20 वर्षे पूर्ण होण्याआधीच, त्रेत्याक यांनी साप्पोरोत ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोव्हिएत संघ आणि कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. सोव्हिएत खेळाडू कॅनडाच्या सर्वोत्तमांपुढे टिकणार नाहीत, असा कॅनडातील जाणकारांचा सर्वसाधारण अंदाज होता. माँट्रियलमधला पहिलाच सामना सोव्हिएत संघाने 7–3 असा जिंकला. शेवटी कॅनडाने चार विजय मिळवत मालिका जिंकली, सोव्हिएत संघाकडे तीन विजय राहिले आणि एक सामना बरोबरीत सुटला. निर्णायक गोल मॉस्कोत आठव्या सामन्याची अवघी 34 सेकंदे उरली असताना झाला. पुढे 31 डिसेंबर 1975 रोजी सीएसकेए माँट्रियल कॅनेडियन्सविरुद्ध त्यांच्याच मैदानावर खेळला, तेव्हा यजमानांनी गोलवर 38 फटके मारले आणि पाहुण्यांनी केवळ 13, तरीही सामना 3–3 असा बरोबरीत राहिला. त्या बरोबरीचे श्रेय प्रामुख्याने एका माणसाचे होते आणि माँट्रियलच्या प्रेक्षकांनाही ते ठाऊक होते.

तीन ऑलिंपिक सुवर्णपदके, एक रौप्य, दहा जागतिक विजेतेपदे आणि सोव्हिएत लीगची 13 विजेतेपदे एवढी त्यांची मिळकत आहे. 1980 मध्ये लेक प्लॅसिडला अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात पहिल्या सत्राच्या अखेरच्या सेकंदाला गोल झाल्यावर प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह यांनी त्रेत्याक यांना बाहेर बसवले आणि सोव्हिएत संघ 4–3 असा हरला. ही आपली मोठी चूक होती, असे तिखोनोव्ह यांनी नंतर मान्य केले. पुढच्याच वर्षी कॅनडा करंडकाच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने कॅनडाचा 8–1 असा पराभव केला आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान त्रेत्याक यांना मिळाला.

या कारकिर्दीचा शेवट मात्र मनाला लागतो. 1983 मध्ये माँट्रियल कॅनेडियन्सने उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, म्हणजे संघ आळीपाळीने नव्या खेळाडूंवर हक्क सांगतात त्या प्रक्रियेत, 138व्या क्रमांकावर त्रेत्याक यांचे नाव घेतले. संघाचे व्यवस्थापक सर्ज सव्हार्ड हे स्वतः 1972 च्या मालिकेत त्यांच्याविरुद्ध खेळलेले होते, त्यामुळे आपण कोणाला बोलावतो आहोत हे त्यांना पुरते ठाऊक होते. सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. सीएसकेएचे खेळाडू वर्षातील बहुतेक महिने मॉस्कोबाहेरच्या प्रशिक्षण तळावर कुटुंबापासून दूर राहत. पत्नी आणि मुलांजवळ घरी राहू द्यावे, सामन्याआधी तळावर येईन, अशी विनंती त्रेत्याक यांनी तिखोनोव्ह यांना केली. तीही नाकारली गेली. 1984 मध्ये सारायेव्होचे सुवर्णपदक जिंकून, त्याच वर्षी, वयाच्या 32व्या वर्षी ते निवृत्त झाले.

32 हे वय इतर अनेक खेळांत उतरणीचे असते. आइस हॉकीच्या गोलरक्षकासाठी ते तसे नसते. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच गोलपुढे उभ्या असलेल्या या माणसावर सुमारे 170 ग्रॅम वजनाची कडक रबरी चकती ताशी 150 किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येऊ शकते. एवढ्या वेगाला नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेने उत्तर देता येत नाही. फटका मारणाऱ्याच्या खांद्याचा कल, काठीचा कोन, मधल्या गर्दीतून चकती कुठून निघेल याचा अदमास आणि त्यानुसार आधीच घेतलेली जागा, यांवर गोलरक्षकाचे यश अवलंबून असते, आणि ही जाण वर्षानुवर्षांच्या खेळातून पक्की होते. चेक गोलरक्षक डोमिनिक हाशेक यांनी डेट्रॉईटकडून स्टॅन्ले करंडक, म्हणजे याच लीगचे विजेतेपद, जिंकला तेव्हा ते 37 वर्षांचे होते. म्हणजे त्रेत्याक यांची आणखी पाच-सात वर्षे तरी हातात होती आणि ती त्यांच्याकडून काढून घेतली गेली. 1989 मध्ये टोरंटोच्या हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांची निवड झाली आणि 1990 पासून ते शिकागोत गोलरक्षकांचे प्रशिक्षक म्हणून काम करू लागले. हाशेक तेव्हा शिकागोच्याच संघात होते आणि त्रेत्याक यांच्या हाताखाली तयार झालेल्या एड बेलफोर याने पुढे आपल्या गुरूचा 20 हा क्रमांक पाठीवर घेतला. ज्या लीगमध्ये त्यांना खेळू दिले नाही, तेथील गोलरक्षकांना शिकवण्यासाठी मात्र ते पोहोचले.

त्रेत्याक यांनी या व्यवस्थेविरुद्ध बंड केले नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ते लष्करी अधिकारी होते, देशाशी एकनिष्ठ होते आणि सोव्हिएत क्रीडाव्यवस्थेने आपल्याला घडवले याची कृतज्ञता त्यांनी नेहमी व्यक्त केली. त्यावरून ‘खेळाडूचीच तक्रार नसेल तर इतरांनी का करावी?’ असे कोणी विचारू शकेल. पण सुटण्याचा मार्ग नसताना माणूस जे पत्करतो, त्याला संमती म्हणणे मला पटत नाही.

त्या काळात सक्तीची भरती हाच सोव्हिएत हॉकीचा खेळाडू-बाजार होता, हेही लक्षात घ्यायला हवे. सीएसकेए हा सैन्याचा संघ. दुसऱ्या संघातला गुणी तरुण भरतीच्या वयात आला की त्याला सैन्यात बोलावता येत असे आणि सैन्यात आलेला खेळाडू सैन्याच्या संघातच खेळणार हे ओघानेच आले. चेल्याबिन्स्कचा सेर्गेई मकारोव्ह आणि वोस्क्रेसेन्स्कचा इगोर लारियोनोव्ह हे सीएसकेएत आले आणि जगातली सर्वांत भेदक आघाडीची फळी उभी राहिली. 1977 ते 1989 या 13 वर्षांत सलग 13 वेळा सीएसकेएने सोव्हिएत विजेतेपद मिळवले. जी स्पर्धा एकच संघ 13 वर्षे जिंकतो, तिचे तेज कमी होणारच; प्रांतातल्या ज्या संघांनी ही मुले घडवली, त्यांचे चाहते आपले खेळाडू मॉस्कोकडे जाताना पाहत राहिले. खेळाडूवर सक्ती केल्याने देशातल्या खेळाचे भले होते, हा दावा त्या देशातच खोटा ठरला होता. 1988 मध्ये लारियोनोव्ह यांनी तिखोनोव्ह यांच्या हुकूमशाहीवर जाहीर पत्र लिहिले, 1989 मध्ये सीएसकेएचा तरुण खेळाडू अलेक्झांडर मोगिल्नी स्टॉकहोममधून पळून अमेरिकेला गेला आणि त्याच वर्षी सीएसकेएच्याच व्याचेस्लाव फेतिसोव्ह, लारियोनोव्ह, मकारोव्ह यांना उघडपणे उत्तर अमेरिकेत जाता आले. दार उघडले.

त्यानंतरच्या पिढीचे काय झाले, हे सेर्गेई बोब्रोव्स्की यांच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. नोवोकुझनेत्स्क या सायबेरियातील पोलादी शहरात जन्मलेल्या या गोलरक्षकाला कोणत्याही अमेरिकी संघाने खेळाडू-निवडीत निवडले नव्हते. 2010 मध्ये फिलाडेल्फियाने त्याच्याशी करार केला आणि तो गेला. 2013 आणि 2017 मध्ये त्याला वर्षातील सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळाला, तर 2024 आणि 2025 मध्ये त्याने फ्लोरिडाकडून स्टॅन्ले करंडक जिंकला, तेव्हा तो अनुक्रमे 35 आणि 36 वर्षांचा होता. टॅम्पाचा आंद्रेई वासिलेव्स्की आणि न्यूयॉर्कचा इगोर शेस्त्योर्किन हेही याच रशियन परंपरेतले. त्रेत्याक यांच्या हातून निसटलेली वर्षे या खेळाडूंना मिळाली. त्यांच्या जाण्याने रशियन हॉकी लहान झाली, असे म्हणण्याचे धैर्य तेथील चाहताही करणार नाही.

फिलाडेल्फियाने 2015 मध्ये सातव्या फेरीत निवडलेला फेदोतोव्हही याच रांगेतला होता. 2 मीटरहून किंचित अधिक उंचीचा हा खेळाडू सावकाश घडला. कित्येक वर्षे रशियातच खेळून 25व्या वर्षी तो परदेशी जाण्यास तयार झाला. त्याच्या अटकेचे समर्थन करणारे म्हणतात की कायदा सर्वांना सारखा असतो आणि ऑलिंपिकपटूलाही वेगळी वागणूक मिळू नये. तत्त्व म्हणून मला हे पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच मी विचारतो की तो सर्वांना सारखा लागू झाला का? रशियात तेव्हा 18 ते 27 हे भरतीचे वय होते. फेदोतोव्ह अनेक वर्षे त्या वयोगटात होता आणि त्या सगळ्या काळात तो भरलेल्या मैदानांत, दूरचित्रवाणीवर, देशाचा गणवेश घालून खेळत होता. तो लपलेला नव्हता. परदेशी संघाशी करार झाल्यावर दोन महिन्यांच्या आत त्याच्यावर कारवाई झाली. कायद्यापुढील समानता म्हणजे केवळ नियमाचे अस्तित्व नव्हे. तो कोणाला, केव्हा आणि कोणत्या कृतीनंतर लावला जातो हेही त्यात येते. दक्षिण कोरियात ऑलिंपिक पदक किंवा आशियाई सुवर्ण मिळवणाऱ्या खेळाडूला दीर्घ लष्करी सेवेतून सूट मिळते आणि फुटबॉलपटू सोन ह्युंग-मिन याला 2018 मध्ये ती मिळाली. त्या नियमावर टीका करता येईल, पण तो आधीपासून लिहिलेला आहे, सर्वांना ठाऊक आहे आणि कोणत्या संघाशी करार केला यावर तो अवलंबून नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि त्याला झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. मुलाला दहा-बारा वर्षे घडवायचे रशियन क्रीडाशाळांनी आणि संघांनी, आणि तयार झाल्यावर त्याला न्यायचे जगातल्या सर्वांत श्रीमंत लीगने, ही तक्रार खरी आहे. युरोपातील इतर अनेक देशांच्या संघटनांशी उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगचा खेळाडू-बदलीचा करार असतो आणि त्यानुसार मूळ संघांना मोबदला मिळतो. रशिया 2005 पासून अशा करारात सहभागी झालेला नाही, कारण देऊ केलेली रक्कम त्यांना अपुरी वाटली. ती अपुरी असणे शक्य आहे. रशियन लीगशी एकमेकांच्या करारांचा मान राखण्याचा जो सामंजस्य करार होता, तोही युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च 2022 मध्ये उत्तर अमेरिकी लीगने स्थगित केला. त्यामुळे फेदोतोव्हने करार केला तेव्हा दोन्ही बाजूंना बांधणारी कोणतीही व्यवस्था शिल्लक नव्हती, आणि याची काही जबाबदारी श्रीमंत लीगवरही येते. पण या तक्रारीचे उत्तर पैशात आणि करारात आहे. संघाचा संघाशी असलेला हिशेब एका तरुणाच्या आयुष्यातून वळता करून घेण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

जुलै 2023 मध्ये सेवा संपताच फेदोतोव्हने पुन्हा सीएसकेएशी दोन वर्षांचा करार केला. फिलाडेल्फियाची बाजू अशी होती की सेवेचे वर्ष मोजायचे नाही आणि जुना करार पुढच्या मोसमाला लागू होतो. ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने ही बाजू उचलून धरली, जुना करार वैध ठरवला, सीएसकेएला परदेशातून खेळाडू घेण्यास एक वर्ष बंदी केली आणि फेदोतोव्हला चार महिने सामने खेळण्यास मनाई केली. रशियन लीगने ही मनाई जुमानली नाही आणि तो तेथे खेळत राहिला.

करार वैध ठरवणे योग्यच होते, आणि सक्तीच्या सेवेत गेलेले वर्ष करारातून वजा करू नये हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले याचे मी मनापासून स्वागत करतो. खेळाडूला केलेली शिक्षा मात्र मला सर्वस्वी अनुचित वाटते. जो माणूस आदल्या वर्षी रस्त्यातून उचलला गेला आणि वर्षभर नौदलाच्या ताब्यात राहिला, त्याने बाहेर येताच सैन्याच्या परंपरेतल्या संघाच्या कागदावर सही केली, तर ती सही एखाद्या मोकळ्या व्यवहारातल्या सहीसारखी वाचता येत नाही. सीएसकेएचा हॉकी संघ आज रोसनेफ्त या तेल कंपनीच्या मालकीचा आहे, सैन्याच्या थेट अखत्यारीत नाही, असे सांगितले जाते आणि ते खरे आहे. पण रोसनेफ्त ही सरकारच्या नियंत्रणाखालील कंपनी आहे, त्यामुळे खेळाडूसमोर उभी असलेली ताकद काही वेगळी होत नाही. महासंघाने सहीमागची परिस्थिती तपासायला हवी होती. तसे न करता त्याने दंडाची विभागणी संघ आणि खेळाडू यांच्यात केली, जणू दोघांचीही बळे समान होती.

असे का झाले, याचे एक कारण मला दिसते. फेब्रुवारी 2022 च्या अखेरीपासून महासंघाने रशियाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांबाहेर ठेवले आहे. तो निर्णय योग्य असला तरी त्यामुळे रशियन संघटनेवर वापरता येईल असा दबाव महासंघाकडे जवळपास उरला नाही, आणि हाती लागला तो एकटा खेळाडू, कारण जगभर खेळण्याची इच्छा त्याला होती आणि म्हणून महासंघाच्या नियमांची गरजही त्यालाच होती. सर्वांत दुबळ्या पक्षावर नियमाचा भार टाकणे सोपे असते.

मार्च 2024 च्या अखेरीस सीएसकेएने करार रद्द केला आणि 1 एप्रिल रोजी, वयाच्या 27व्या वर्षी, फेदोतोव्ह फिलाडेल्फियाकडून बदली गोलरक्षक म्हणून प्रथम मैदानात उतरला. पुढचा मोसम त्याला जड गेला. जेथे 90 टक्के फटके अडवणे हीदेखील जेमतेम कामगिरी मानली जाते, तेथे त्याचे प्रमाण 88 टक्क्यांच्या आसपास राहिले, आणि 2025 मध्ये तो कोलंबसकडे गेला. युरोपातले पारंपरिक मैदान 30 मीटर रुंद असते आणि उत्तर अमेरिकेतले सुमारे 26 मीटर, त्यामुळे फटक्यांचे कोन बदलतात आणि गोलरक्षकाला आपली जागा नव्याने शिकावी लागते; हे 25व्या वर्षी शिकणे आणि 27व्या वर्षी शिकणे यांत फरक पडतो. तरीही गेलेल्या वर्षामुळेच तो मागे पडला असे मी म्हणणार नाही. कदाचित तो तेथे कधीच थोर गोलरक्षक झाला नसता. त्याचा हक्क त्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नव्हता. जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये स्वतःला अजमावून पाहण्याचा आणि तेथे अपयशी होण्याचाही अधिकार त्याचा होता आणि तो त्याला वेळेवर मिळायला हवा होता.

त्रेत्याक 2003 पासून रशियन संसदेचे सदस्य आहेत आणि 2006 पासून रशियन आइस हॉकी महासंघाचे अध्यक्ष. 32व्या वर्षी निवृत्त व्हावे लागलेल्या या माणसाकडून मला काही अपेक्षा आहे, कारण दार बंद होण्याचा अर्थ त्यांच्याइतका दुसऱ्या कोणत्याही क्रीडा प्रशासकाने अनुभवलेला नाही. रशिया आंतरराष्ट्रीय स्पर्धांत परतण्याची बोलणी ज्या दिवशी सुरू होतील, त्या दिवशी टेबलाच्या त्या बाजूला बहुधा त्यांचाच महासंघ असेल, आणि परतण्याच्या अटींत खेळाडूंच्या बदलीचा करार अग्रक्रमाने असायला हवा: मूळ संघाला रास्त मोबदला, भरतीच्या वयातील खेळाडूची लष्करी स्थिती करारापूर्वीच लेखी स्पष्ट करण्याचे बंधन, आणि परदेशी करारानंतर अचानक सेवेत घेतले गेलेल्या खेळाडूचा करार आपोआप पुढे ढकलला जाण्याची हमी. सक्तीच्या सेवेतून नुकत्याच सुटलेल्या खेळाडूने मायदेशी संघाशी केलेला करार स्वतंत्र सुनावणीशिवाय त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हा शेवटचा नियम तर आंतरराष्ट्रीय महासंघ रशियाच्या संमतीची वाट न पाहता आपल्या शिस्तविषयक नियमावलीत आजच लिहू शकतो.